पाळीचं पाणी

थोरल्या नातीचं, मारिसेलाचं लग्न झालं त्या साली विमानतळाची धावपट्टी वाढली आणि फीनिक्सच्या दक्षिणेची त्यांची जुनी वस्ती पाडली गेली. म्हातारा युसेबिओ आणि त्याची बायको अंपारो उत्तरेकडच्या घरात राहायला आली. तिथे संत्र्याची झाडं होती आणि दर पंधरवड्याला कालव्याच्या पाण्याची पाळी यायची. व्हॉल्व्ह फिरवला की अंगण घोटाभर पाण्याने भरून जायचं.

पहिल्याच पाळीला युसेबिओने हाक मारली, "म्हातारे, इकडे ये. आपलं निळं दार दिसतंय बघ."

"डोळे तपासून घे, म्हाताऱ्या. दार बुलडोझरखाली गेलं तेव्हा तूच रडत होतास ना?"

तरी ती वाकली. पाण्यात संत्र्याची झाडं नव्हती. निळं दार होतं, पायरी होती, कॉफीच्या डब्यात लावलेलं जिरेनियम होतं. डोक्यावरून विमान गर्जत गेलं. पाण्यातलं आकाश रिकामंच राहिलं.

पुढच्या पाळीला दार अर्धं उघडं होतं. त्यानंतर अंपारोने पाणी घेणंच बंद केलं.

"झाडं मरतील," युसेबिओ म्हणाला.

"मरू देत. तू मला हवा आहेस."

"एकदाच सोड. पुन्हा नाही मागणार."

त्याचा चेहरा बघून तिने भर दुपारी पाणी सोडलं आणि त्याचा हात घट्ट धरून काठावर उभी राहिली. हात उबदार होता. पाण्यात तीही तशीच उभी होती, पण तिच्या मुठीत कुणाचा हात नव्हता. निळं दार सताड उघडं होतं आणि युसेबिओ पायरीवर बसून बूट काढत होता.

युसेबिओ त्याच आठवड्यात, चौदा ऑगस्टला, गुरुवारी वारला.