कुठल्या पावाचं यीस्ट

शनिवारी सकाळी कुमुद ओव्हनमधून पावाच्या लाद्या काढत होती, तेव्हा कुरियर कंपनीतल्या हमीदचा फोन आला. हात पिठाचे होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

"मॅडम, आपकी बेकरी के नाम से पार्सल है. यीस्ट. ट्रेड लायसन्स की कॉपी भी लगी है. लेकिन पैकेट पे बिअर का मग छपा है. कस्टमवाले पूछ रहे हैं, ये कौनसे ब्रेड का यीस्ट है?"

कुमुदच्या बेकरीला यीस्ट लागायचं ते अर्ध्या किलोच्या, विटेसारख्या पाकिटांनी, आणि तेही इथल्याच, आखातातल्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीमधल्या होलसेलवाल्याकडून. तिच्या नावाने परदेशातून पार्सल येईलच कशाला? "एक मिनिट, हमीदभाई," म्हणून तिने फोन म्यूट केला आणि काउंटरपाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. भानुदासचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला होता. तेवढ्यावरून तिला कळलं.

"अहो, माझं लायसन्स लावलंत?"

"अगं, बेकरीच्या नावाने यीस्ट आलं तर कोण विचारणार, असं वाटलं. घरी थोडी बिअर करून बघणार होतो. चारच पाकिटं आहेत."

"चारच. कुठली आहेत?"

आणि हा माणूस खुलला. खरंच खुलला. तीन आठवडे बसून त्याने यीस्ट निवडलं होतं. एकाला बारा डिग्रीची गार खोली लागत होती, एकाला लवंगेचा वास येत होता, एक बिअर फार गोड ठेवत होतं. हे मात्र पस्तीस डिग्रीतही सुखाने राहतं, वर संत्र्यासारखा वास.

"जिवंत असतं ते, कुमुद. त्याला काय मानवतं ते बघूनच घ्यावं लागतं."

बायको पसंत करायला याला एक बशी पोहे संपेपर्यंतचा वेळ पुरला होता. कुमुदच्या डोक्यात तिडीक गेली.

"यीस्टला काय मानवतं ते बघितलंत. ह्या दोघींचं काय?"

मागे सुरैय्या आणि सफा पीठ मळायचं थांबवून उभ्या होत्या. दोघींचे व्हिसा त्याच लायसन्सवर होते. इथे घरी बिअर करणं गुन्हा; त्यापायी बेकरीला कुलूप लागलं तर दोघींनाही सामान बांधून मायदेशी जावं लागणार होतं. त्यांना मराठी येत नव्हती, पण लायसन्स आणि कस्टम हे दोन शब्द इथे सगळ्यांना कळतात.

"तू फक्त पाव म्हण," भानुदासचा आवाज एकदम खाली आला. "पावाचं यीस्ट आहे, एवढंच सांग. खलास."

"तुमचं खोटं मी माझ्या नावावर बोलू?"

"मग काय माझं नाव सांगणार आहेस? नोकरी जाईल माझी."

"आत्ता आठवली नोकरी. आम्हा तिघींच्या पोटावर पाय देताना संत्र्याचा वास घेत बसला होतात."

तिने हात एप्रनला पुसले आणि म्यूट काढलं.

"मॅडम, लाइन पे हो? क्या लिखूँ?"

"लिखिए, बेकरी ने कुछ नहीं मँगवाया."

"फिर किसने मँगवाया, मॅडम?"

लग्नात बायकांनी दार अडवून धरलं तेव्हा कुमुदने उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं होतं, अर्धं गिळून, लाजत. त्यानंतरची चोवीस वर्षं तिला 'अहो' पुरलं होतं.

भानुदास मान हलवत राहिला. ती त्याच्याकडेच बघत होती.

"भानुदास," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "स्पेलिंग देती हूँ. बी, एच, ए..."