ठमीचं पहिलं वाक्य

मुलं भाषेचं व्याकरण कशी शिकतात, यावरचं प्राध्यापकांचं पुस्तक जवळजवळ लिहून झालं होतं. घोडं अडलं होतं शेवटच्या प्रकरणापाशी. त्यात त्यांच्या स्वतःच्या लेकीचं पहिलं पूर्ण वाक्य यायचं होतं, आणि दोन वर्षांची ठमी अजून "दूद", "भूर" नि "नक्को" यांच्यापुढे सरकत नव्हती.

"अहो, दिवसातून दहा मिनिटं तरी बोला की तिच्याशी!" बायको म्हणायची.

"अगं, भाषा शिकवावी लागत नाही. जे रोज कानावर पडतं, त्यातून पोरं आपली आपण शिकतात. प्रकरण तिसरं!"

मग ठमीचे बोल टिपायला खेळण्यांच्या फळीवर ठेवलेल्या यंत्राकडे बोट दाखवून ते "रेकॉर्डर चालू आहे ना?" एवढं विचारत आणि अभ्यासिकेचं दार लावून घेत. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

रविवारी पुस्तकाच्या मागच्या पानासाठी फोटो काढायला प्रकाशकांचा माणूस आला. "सर, मुलीला मांडीवर घ्या ना, छान दिसेल."

प्राध्यापकांनी ठमीला उचललं, मांडीवर बसवलं, तिची पापी घेतली. "कोण गं माझी छकुली? बोल ना बाबाशी!"

ठमी चकितच झाली. तिने बाबाची दाढी चाचपून पाहिली, फळीकडे पाहिलं, आणि एका अक्षरालाही न अडखळता आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलली,



"रेकॉर्डर चालू आहे ना?"