थंडीवाचून आलेला बहर

बेचाळीस अंशांच्या उन्हात भागीरथी कोळेकरांनी ब्लूबेरीची लगडलेली फांदी वाकवून पाहुण्यांपुढे धरली. नव्या वाणाच्या नोंदणीसाठी समिती जतच्या माळावर आली होती. तिचे प्रमुख होते फिनलंडचे वयोवृद्ध शास्त्रज्ञ आर्तो. जगातली थंडी सरून चौदा वर्षं झाली होती, आणि थंडीवाचून ब्लूबेरीला कळी धरत नाही. तेव्हापासून आर्तोंच्या देशातली झुडपं नुसती पानांवर उभी होती.

"साल जाड आहे, उन्हात सुरकुतत नाही," भागीरथीबाई सांगत होत्या. "देठ तुटला तरी रस गळत नाही. आणि हा बहर एकही गार रात्र न मिळता आलाय. एकोणीस वर्षं खपले मी यासाठी."

आर्तोंनी एक टपोरं फळ खुडून तोंडात टाकलं. मग त्यांच्या गळ्यातलं दुभाषी यंत्र मराठीत म्हणालं, "माझ्या नातीनं ही चव कधी घेतलीच नाही. रोपं द्याल?"

"सर, वाण अजून मंजूर व्हायचाय," सचिव पुटपुटले.

आर्तोंनी तिथंच उभ्या उभ्या सही केली.

'जतला कुठं ब्लूबेरी येते का?' म्हणून बाईंना हसलेलं सगळं गाव बांधावर उभं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बाई म्हणाल्या, "न्या की! बिनघोर लावा. जतचं रोप आहे, ऊन त्याच्या पाचवीलाच पुजलंय."