अडकलेला थर्मोस्टॅट

गणपतरावांनी थर्मोस्टॅट तारेला बांधून उकळत्या पाण्यात सोडला आणि स्टोव्ह मोठा केला. उचगावच्या त्यांच्या गॅरेजात चहाचं पातेलं या कामालाही चालायचं, हे गिऱ्हाइकांना न सांगितलेलंच बरं.

"आता उघडला तर चांगला," ते म्हणाले. "न्हाय उघडला तर कामातनं गेला."

अदिती पातेल्यात बघत उभी राहिली. तो उघडावा असं तिला मनापासून वाटत होतं. म्हणजे दोष दुसऱ्या कशाचा तरी ठरला असता.

पाणी खदखदलं. मधली चकती जागची हलली नाही.

"गेलाय," गणपतराव म्हणाले. "ह्यो बंद ऱ्हायला की गरम पाणी इंजिनातच अडकून बसतंय, रेडिएटरकडं जातच न्हाय. मग गाडी तापणारच की."

अदिती बाकड्यावर बसली आणि रडायला लागली. गणपतरावांना काही सुधरेना. लेकीच्या बाळंतपणासाठी ते महिनाभर गावी होते, गॅरेज कालच उघडलं होतं. त्यांच्या कानावर काहीच आलं नव्हतं.

मग तिनंच सांगितलं. तिचे वडील त्र्यंबकराव तिच्या भावाबरोबर, अभिरामबरोबर, कोकणातून परत येत होते. घाटात वडिलांच्या छातीत दुखायला लागलं आणि नेमकी तेव्हाच गाडी तापून बंद करावी लागली. फोनला रेंज नव्हती, हात केला तरी एक गाडी थांबली नाही म्हणे. इंजिन थंड होईपर्यंत अभिराम वडिलांना धरून बसून राहिला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

दिवसकार्य झाल्यावर अभिरामनं गाडी पुण्याला आपल्या घरी नेऊन तिच्यात नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला आणि हा जुना तिच्या हातावर ठेवला. तिला एका शब्दानं बोलला नाही. पण गाडी वर्षभर कोल्हापुरात असायची आणि तिची देखभाल अदितीकडे होती. क्लासच्या परीक्षांच्या गडबडीत यंदाचं सर्व्हिसिंग राहून गेलं होतं. वडिलांना आपणच मारलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

अभिराम मात्र फार समजूतदारपणे वागला. राजारामपुरीतला बंगला बिल्डरला द्यायचा त्याचा जुना हट्ट होता. वडील कधी बधले नाहीत, आणि आता आईही 'मी असेपर्यंत नाही' म्हणाली. त्यानं तो विषयच सोडून दिला. उलट आज सकाळी, आईचं जरा मन रमावं म्हणून, तिला स्वतः कोकणात मावशीकडे घेऊन गेला.

"मी वेळेवर गाडी दाखवली असती तर बाबा वाचले असते ना, काका?"

गणपतरावांनी पकडीनं थर्मोस्टॅट बाहेर काढून तो उलटसुलट करून बघितला.

"कुठल्या गाडीचा म्हणायचा ह्यो?"

"आमच्याच. बाबांच्या पांढऱ्या गाडीचा."

त्यांनी स्टोव्ह बंद केला.

"ताई, त्या गाडीत थर्मोस्टॅट न्हायच."

"म्हणजे?"

"मागं एकदा अडकलावता. नवा बसवण्यापरीस मी काढूनच टाकला. आमच्याकडं बरेच मिस्त्री असंच करत्यात. पाणी मोकळं फिरतंय, गाडी गार चालती. तुमच्या बाबांच्या देखत काढला आणि भंगारात टाकला. ते घरात बोलले नसतील."

अदितीला आधी एकदम सुटल्यासारखं वाटलं. चूक तिची नव्हती. महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि तिनं डोळे पुसले. मग तिची नजर पकडीतल्या तुकड्यावर गेली.

"मग हा कुठला?"

गणपतरावांनी तो तुकडा बाकड्यावर ठेवला. पुण्यात नव्यानं बसवला म्हणजे जुना निघाला कुठून, हे त्यांनाही कळेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अभिराम होता. आवाजामागे वारा घोंघावत होता.

"अदू, घाबरू नकोस," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही घाटात आहोत. आईच्या छातीत दुखतंय, आणि गाडी परत तापलीय."