खोटी ठरलेली गोष्ट
जयपूरच्या विद्यापीठात गुन्हे-तपासाचं मानसशास्त्र शिकणाऱ्या वल्लरीला त्या दिवशी वर्गासमोर दोन गोष्टी सांगायच्या होत्या, एक खरी आणि एक खोटी. खोटी कुठली, ते बाकीच्यांनी ओळखायचं. प्रताप नगरच्या रस्त्यावर स्कूटरवाल्याने गळ्यातली साखळी ओढली तेव्हा आपण किती घाबरलो, हे सांगताना तिचा आवाज कापला. मग तिने शांतपणे सांगितलं, की ती सात वर्षांची असताना तिचा मोठा भाऊ डेंग्यूने गेला. जवळजवळ सगळ्यांनी भावाची गोष्ट खोटी ठरवली. "इसकी तो आँख भी नहीं भरी," मैत्रीण हसत म्हणाली. साखळीची गोष्ट खोटी आणि भावाची खरी, असं वल्लरीने सांगितलं तेव्हा मैत्रिणीचं हसू मावळलं. रडणं हा पुरावा नसतो, हेच आज शिकायचं होतं, असं मॅडम हळूच म्हणाल्या. वल्लरीला ते पटलं, तरी काहीतरी खुपत राहिलं. व्हरांड्यात येऊन तिने घरी फोन लावला. "आई, दादा गेला तेव्हा मी रडले होते का गं?" "नाही," आई म्हणाली. "मी जेवणच सोडलं होतं. तू माझ्याजवळ बसून मला चमच्याने दहीभात भरवायचीस. तुला रडायला आम्ही वेळच कुठे दिला, बाळा?" पलीकडे आईला हुंदका आवरेना. वल्लरीने डोळ्यांना बोट लावून पाहिलं. ते कोरडेच होते. आपल्याला हलकं वाटतंय की वाईट, हे तिचं तिलाच कळेना. "आई," ती म्हणाली, "तू आज जेवलीस का?"