कुंकवाची दोन बोटं

निनादने बॉक्स फोडला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आई, हळदीकुंकू आण! आला एकदाचा गेम!"

वर्षभर कंपनी तारीख पुढे ढकलत होती. घरात कुठलंही नवं यंत्र आलं की आई आधी त्याला कुंकवाचं बोट लावायची, मगच बटण दाबू द्यायची.

कुंकवाचा करंडा घेऊन बाबा आले. निनादने गेमचा कन्सोल बाहेर काढला, तर त्यावर कुंकवाची दोन वाळलेली बोटं.

"बाबा, जुनाच माल पाठवलाय यांनी!" तो वैतागला.

"त्यांनी नाही रे. तूच हा गेम दोनदा खेळून संपवलास. पुढचा भाग काही येईना. मग दोन्ही वेळा आठवणी पुसणाऱ्या केंद्रात जाऊन, गेम आल्यापासूनचे सगळे दिवस डोक्यातून पुसून घेतलेस. तोच गेम पुन्हा पहिल्यांदा खेळायला मिळावा, असं सांगून. बॉक्स दर वेळी मीच पुन्हा बंद करून ठेवला."

"आई कुठाय?"

बाबांनी करंडा खाली ठेवला. "यातलं पहिलं बोट तिचं. दुसरं माझं. गेम पहिल्यांदा आला आणि नवव्या दिवशी ती गेली."

निनाद बराच वेळ रडला. मग त्याने विचारलं, "मागच्या वेळीही असाच रडलो होतो?"

"हो. आणि महिन्याभराने म्हणालास, बाबा, सहन होत नाही, पुसून येतो."

निनादने पहिल्या बोटावरून अंगठा फिरवला.

"या वेळी नको पुसूस," बाबा म्हणाले. "तू पुसून आलास की ती गेली हे माझ्याशिवाय या घरात कुणालाच माहीत नसतं रे."