ओवीची तिसरी ओळ

उद्या लेकीचं बारसं, आणि संपदाचा मोबाईल आजच हरवला! फोनचं एवढं नव्हतं, पण त्यात आईची ओवी होती. तीन वर्षांपूर्वी आई गेली, त्याच्या आधी तिनं गायलेल्या दोनच ओळी. तिसरीला खोकला आला, आई हसली, आणि रेकॉर्डिंग तिथंच संपलं. संपदानं तीच रिंगटोन करून ठेवली होती. उद्या ती पाळण्यापाशी वाजवायची होती.

गुडगावचा तो नवाकोरा फ्लॅट सकाळपासून उलथापालथा झाला होता. हरवलेलं सापडावं म्हणून पदराला गाठ मारून झाली, कार्तवीर्याचा श्लोकही म्हणून झाला.

"यार, देवाला कशाला कामाला लावतेस?" तिचा नवरा चैतन्य हसला. "लँडलाइनवरून रिंग देतो. चलो, सगळे बिल्कुल चूप!"

घर चिडीचूप झालं आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"सापडला!" संपदा लहान मुलीसारखी धावली. सरोजिनी नगरातून आणलेल्या झबल्यांच्या पिशवीत ओवी घुमत होती. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. संपदानं हसत हसत पिशवीत हात घातला.

खोकला आलाच नाही.

आई तिसरी ओळ गाऊ लागली.

लेकीचं नाव संपदानं मनातच ठेवलं होतं. उद्या आत्यालाच सांगायचं म्हणून चैतन्यलाही कळू दिलं नव्हतं.

ओळीच्या शेवटी आईनं, अगदी लाडानं, तेच नाव घेतलं.

आणि दुपट्यातल्या लेकीनं हुंकार दिला.